जेवढं ऐकलं तेवढं

टिल्लूला पोचवून आल्यापासून घरातली सगळी माणसं स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसत. बाहेरच्या खोलीची खिडकी फाउंड्रीच्या अंगणावर उघडायची आणि त्या अंगणाकडे कुणालाच बघायचं नव्हतं. एरवी दुपारच्या या वेळेला भट्टीची घरघर भिंतीतून आत यायची, कपाटातली भांडी बारीक थरथरायची. बाबांनी कारखान्याच्या डोक्यावरच घर बांधलं ते त्या आवाजासाठी. तो थांबला तर झोपेतसुद्धा जाग येईल, असं ते म्हणायचे. आता भट्टीला सील होतं आणि भांडी गप्प होती.

ताई टेबलाच्या टोकाशी बसली होती. भावंडांतली ती मधली. दादा थोरला, भाऊ धाकटा. ती वकील होती, पण दोघा भावांची भांडणं मिटवायचा धंदा तिनं फ्रॉकात असल्यापासून केला होता. बाबांच्या मागे फाउंड्रीचे दोन तुकडे झाले नाहीत ते तिच्यामुळे. आज पहिल्यांदाच तिला वाटत होतं, आपण दुसरं काहीतरी शिकायला हवं होतं.

"उद्या सकाळी आपल्याला ठाण्यावर जायचंय," ती म्हणाली. "कारखान्यांचे इन्स्पेक्टरही तिथंच येतील. जबाब प्रत्येकाचा वेगळा लिहून घेतील. एकाचं एक आणि दुसऱ्याचं दुसरं, असं होऊन चालणार नाही."

"त्यात दुसरं काय असणार?" दादा म्हणाला. दाढी न केल्यामुळे तो एकदम बाबांसारखा दिसायला लागला होता. "शेडचा पत्रा उडालेला, भंगार भिजलेलं. मिस्त्रीनं ते न वाळवता भट्टीत टाकलं. आत पाणी गेलं, वितळलेल्या लोखंडाचा रस उसळला. टिल्लू शेजारी उभा होता." तो थांबला. मग शेवटचंच वाक्य त्यानं पुन्हा म्हटलं, कुणीतरी ते खोडून काढेल म्हणून वाट बघितल्यासारखं. "शेजारी उभा होता."

भाऊ खाली मान घालून कपाच्या कानाभोवती बोट फिरवत होता. चहा त्यानं प्यायलेला नव्हता.

"मिस्त्रीला अजून बोलता येत नाही," ताई म्हणाली. "तोंड भाजलंय, दोन्ही हात बांधलेत. बोलायला लागेल तेव्हा तो काय म्हणेल ते सांगता येत नाही. त्याच्याआधी आपले जबाब झालेले बरे. भाऊ, त्या दिवशी सकाळी तू खाली फोन केला होतास. फोन गेला एवढं त्यांना कळेल. काय बोललास ते कळणार नाही. काय बोललास?"

"नेहमीचंच," भाऊ म्हणाला. "माल कधी निघतोय, वगैरे."

"बास. तेवढंच सांग."

भाऊच्या बायकोनं, जिला घरात सगळे धाकटीच म्हणत, नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "ते तर जेवत नाहीत, झोपत नाहीत," ती ताईला म्हणाली. "टिल्लूला यांनीच वाढवलंय हो."

ते खोटं नव्हतं. दादाचा टिल्लू जन्मला मुठीएवढा, म्हणून त्याचं नाव टिल्लू पडलं. वाढला तो दाराच्या चौकटीला कपाळ लागेल एवढा, पण नाव चिकटलं ते चिकटलं. दादा त्याला वाकून चालायला सांगायचा. भाऊ म्हणायचा, पोराला कशाला वाकवतोस, चौकट वर घेऊ. पुतण्या इंजिनिअर होऊन फाउंड्रीत आला त्या दिवशी भाऊनं कामगारांना मिठाई वाटली होती, आणि बापापेक्षा काकाच जास्त फुगलाय म्हणून लोक हसले होते.

"वहिनींचं काय?" ताईनं विचारलं. "त्या काही बोलल्या का?"

दादानं मान हलवली. "सकाळी उठते, देवापुढे बसते. दुपारी बसते, संध्याकाळी बसते. माझ्यासमोर रडलीसुद्धा नाही. त्या देवाच्या नावानं तिचं डोकं बधिर केलंय."

"त्यांनाही जबाब द्यावा लागेल. त्या दिवशी घरात होत्या," ताई म्हणाली आणि तिनं उठून पलीकडच्या खोलीचा पडदा बाजूला केला.

पलीकडे खोली कसली, भिंत आणि कपाट यांच्यामधली बोळकांडीच ती. एक फळी, फळीवर पितळेचे देव, समोर एक बसायचं आसन. वहिनी पडद्याकडे पाठ करून बसली होती. मध्ये फक्त कापड होतं, त्यामुळे टेबलावरचा शब्द न् शब्द तिला ऐकू आला होता, आणि त्या दिवशीही आला होता.

लग्नानंतर तिला पहिली मुलगी झाली ती जन्मतःच गेली. तेव्हा माहेरच्या कुणीतरी तिला एका म्हाताऱ्या संन्यासिनीकडे नेलं होतं. बाई उन्हात बसून स्वतःचं फाटकं वस्त्र शिवत होत्या. त्यांनी तिला देवाचं नाव दिलं आणि सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "यानं दुःख जाईल असं समजू नकोस हं. दुःख राहील. दुःखात तू हरवणार नाहीस, एवढंच." वहिनीला तेव्हा तो सौदा काही फार मोठा वाटला नव्हता. तरी ती बसायला लागली. टिल्लू झाला, सासूसासरे गेले, घर हसलं, भांडलं, ती रोज बसत राहिली. दादा चेष्टा करायचा, एवढ्या हाका मारल्यास तर तो दार लावून घेईल म्हणून. तीही हसायची.

आता ते नाव तोंडात खड्यासारखं फिरत होतं. ना गोड, ना ओलं. एक नाव म्हटलं की त्याच्या मागून भाऊजींचा त्या सकाळचा आवाज यायचा, फोनवर जरा चढलेला, घाईतला. ती माळ धरून बसली होती ती सुखासाठी नव्हे. तिला एक गोष्ट पारखून घ्यायची होती. जे आपण ऐकलं ते सांगायचं, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण सांगताना धाकट्या दिराचं तोंड कसं होईल ते बघायची हाव तिच्यात होती, आणि ती हाव तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. सांगायचं होतं ते खरंच होतं, पण त्याला दात होते. दात गळून पडेपर्यंत थांबावं, मग बोलावं, असं तिला वाटत होतं. ते गळत नव्हते. आणि आता पलीकडे मिस्त्रीच्या गळ्यात सगळं अडकवून मोकळं व्हायचं ठरलं होतं.

"वहिनी," ताई हळूच म्हणाली, "जरा बाहेर येता?"

वहिनीनं माळ फळीवर ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठली. आपल्याला थांबायला वेळ मिळणार नाही, हे तिला कळलं. जशी आहे तशीच बोलावं लागणार होतं.

टेबलाशी येऊन ती बसली नाही. भाऊच्या समोर, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"मिस्त्रींनी आपल्या मनानं काही केलेलं नाही," ती म्हणाली. "त्यांनी खालून फोनवर विचारलं असणार. तेव्हा भाऊजी याच खुर्चीवर बसले होते. मी आत होते. भाऊजी म्हणाले, 'वाळवत कुठं बसता, वरून कोरडं दिसतंय ना, टाका. काही होत नाही. मी सांगतोय ना.' मग फोन ठेवला."

भाऊला वाटलं होतं की हा क्षण आला तर आपण काहीतरी बोलू. झोप न लागलेल्या वेळी त्यानं बरीच वाक्यं तयार केली होती. पण वहिनीनं त्याचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच चालीवर म्हटले, आणि त्याला स्वतःचा आवाज परक्यासारखा ऐकू आला. तो आवाज कुणा दुष्ट माणसाचा नव्हता. उशीर झालेल्या माणसाचा होता. रसाचा नमुना घेणारा पोऱ्या त्या दिवशी आला नव्हता आणि त्याच्या जागी टिल्लू खाली गेला होता, हे भाऊला ठाऊक नव्हतं. पण खाली कोण उभं आहे याचा त्यानं विचारच केला नव्हता. कुणाचाच केला नव्हता. स्वतःशी कितीही वाद घातला तरी तो याच ठिकाणी येऊन आपटायचा.

"भाऊ," ताई म्हणाली. "नाही म्हण."

भाऊनं वर पाहिलं नाही.

दादाची खुर्ची मागे पडली. त्यानं भावाला कॉलर धरून उठवलं आणि फ्रीजवर दाबलं. ओरडला नाही. त्याच्या घशातून नुसता श्वास येत होता. भाऊनं हात वर केले नाहीत, आणि ते बघून धाकटी किंचाळायची तीही किंचाळली नाही. कप घरंगळत जाऊन फुटला.

वहिनीनं दादाच्या मनगटावर हात ठेवला. "अहो. सोडा."

"याला सोडू?"

"हात सोडा. बाकीचं उद्या."

थोड्या वेळानं हात सुटले. भाऊ फ्रीजला टेकून तसाच खाली बसला.

पुढचा तासभर त्या खोलीत जे झालं त्यात कोण कुणाच्या बाजूचं होतं ते सांगणं कठीण. ताईनं आधी स्वतःला सावरलं. भाचा तर आता तिला परत मिळणार नव्हता. निदान भाऊ तरी जाऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"वहिनी, ऐका," ती म्हणाली. "तुम्ही पूजेला बसला होतात. पूजेत माणसाला बाहेरचं कुठं ऐकू येतं? एवढं म्हणा. खोटंही होणार नाही."

"वन्सं, पूजेला बसल्यावरच जास्त ऐकू येतं," वहिनी म्हणाली.

"मिस्त्रीची आपण सोय लावू. त्याचं घर आपण बघू, जन्मभर."

"त्यांच्या तोंडाला पट्ट्या आहेत म्हणून आपण बोलतोय हे. तोंड उघडं असतं तर बोललो असतो?"

मग धाकटी पुढे आली. ती या घरात आली तेव्हा तिला भात कुकरमध्ये लावायलासुद्धा वहिनीनं शिकवलं होतं, आणि तिच्या दोन्ही बाळंतपणांत वहिनीच उशाशी होती.

"जाऊबाई, तुमचा गेला," ती म्हणाली. "आता माझाही घ्यायचाय का?"

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं.

"एवढी वर्षं देवदेव केलंत. दुसऱ्याचं घर मोडायलाच ना? तुमच्यापेक्षा आम्ही नास्तिक बरे. आम्हाला निदान दया येते."

"येऊ दे," वहिनी म्हणाली. "मिस्त्रीच्या बायकोचीही येऊ दे थोडी. ती त्या दिवसापासून हॉस्पिटलच्या जिन्यात बसून आहे."

धाकटी रडत आत गेली. भाऊ तिच्या मागोमाग गेला, भिंतीचा आधार घेत.

दादा मात्र शांत झाला होता. ती शांतता ताईला आधीच्या रागापेक्षा वाईट वाटली. त्यानं पडलेली खुर्ची उचलली, नीट ठेवली आणि बसला.

"कायद्यानं त्याला काय होईल?" त्यानं बहिणीला विचारलं.

"निष्काळजीपणा. शिक्षा होईल, पण बाहेर येईल."

"आणि टिल्लू खाली आहे हे माहीत असून सांगितलं असेल तर?"

"तर वेगळं. मग तो सहजासहजी बाहेर येत नाही. दादा, पण तसं नव्हतं."

"तुला काय माहीत?" दादा बायकोकडे वळला. "तू आत होतीस. फोनवर टिल्लूचं नाव निघालं होतं ना? आठव. मिस्त्रीनं सांगितलं असेल, साहेब, टिल्लूदादा इथं उभे आहेत. हा म्हणाला असेल, असू देत."

"मिस्त्रींचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं."

"आठव म्हणतोय मी."

"आठवलं तेवढं सांगितलं."

"एक वाक्य," दादा म्हणाला. "एक वाक्य मागतोय तुझ्याकडे. आजवर काय मागितलं? तो तुझा मुलगा होता."

ते वाक्य वहिनीला हवं होतं. ते तिच्या जिभेवर तयार होतं. दादाला कळत नव्हतं की ती त्याच्याशी नव्हे, त्या वाक्याशी झगडत होती. तिनं डोळे मिटले, आत ते कोरडं, खड्यासारखं नाव शोधलं, आणि ते होतं. सुख नव्हतं, उजेड नव्हता. पण पाय ठेवायला तेवढी जागा होती.

"होता," ती म्हणाली. "म्हणूनच जेवढं ऐकलं तेवढं. कमी नाही आणि जास्तही नाही. त्याच्या नावावर मला खोटं चढवायचं नाही. भाऊजींना वाचवायलाही नाही आणि बुडवायलाही नाही."

दादा उठला. पडदा बाजूला करून बोळकांडीत शिरला. फळीवरचे देव त्यानं पंच्यात गोळा केले; बारीक घंटी, समई, सगळं. जिना उतरून तो अंगणात गेला. बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी, जिथं कुणी उभं राहत नव्हतं तिथं, ताई आणि वहिनी उभ्या राहिल्या. दादा भंगाराच्या ढिगापर्यंत गेला. मोडकी चाकं, गंजलेले पाइप, तुटलेल्या जाळ्या. त्यावर त्यानं पंचा उलटा केला. पितळ लोखंडावर पडल्याचा आवाज वर आला.

"मी आणते जाऊन," ताई म्हणाली. ती कधी देवाला हात जोडणाऱ्यांतली नव्हती, पण जिन्याकडे वळली होती.

"राहू देत," वहिनी म्हणाली. "आपला टिल्लू तिथंच गेला. देवांना काय वेगळी जागा लागते?"

पहाटे ती रोजच्या वेळी उठली आणि रिकाम्या फळीसमोर बसली. दादा पलंगावर जागाच होता. दाराच्या फटीतून त्याला तिची पाठ दिसत होती. त्याला वाटलं होतं, देव नाहीत म्हटल्यावर ती रडेल, भांडेल, निदान जाऊन शोधेल तरी. त्या पाठीकडे बघताना त्याला तिचा राग आला, आणि रागाच्या तळाशी हेवा. तिच्याजवळ असं काहीतरी होतं जे त्याला उचलून फेकता आलं नव्हतं. त्याच्याजवळ तसं काहीच नव्हतं. त्याच्याजवळ एक मुलगा होता.

उजाडल्यावर वहिनी चहा टाकत होती तेव्हा भाऊ आला. ओट्याजवळ उभा राहिला. लहानपणी खाऊ मागायला यायचा तसा. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जात होता.

"वहिनी, मला माहीत नव्हतं तो खाली आहे."

"मला तसंच वाटतं. पण माझ्या वाटण्याला काही किंमत नाही."

"मला माफ करा, असं म्हणायचीही माझी लायकी नाही."

"म्हणू नका," ती म्हणाली. "मला ते आज देता येणार नाही. आत शोधलं, सापडत नाही. खोटंखोटं माफ केलं असं म्हणायला मला जमायचं नाही."

भाऊनं मान खाली घातली. तिनं कप त्याच्यासमोर सरकवला.

"एक सांगते. ठाण्यावर तुम्ही आधी बोला. मी तुमच्या मागून बोलेन."

"आणि मी नाही बोललो तर?"

"तर मी आधी बोलेन. पण तुम्ही बोलावं. मिस्त्री बरे झाल्यावर तुम्हाला त्यांच्याकडे बघता आलं पाहिजे. माझ्याकडे नाही बघितलंत तरी चालेल."

भाऊनं तो कप दोन्ही हातांत धरला. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, "मला एकट्याला जायची भीती वाटते."

"मी येते ना बरोबर."

ती दोघं चालतच निघाली. ताई आणि दादा मागून गाडीनं आले. धाकटी आलीच नाही. फाउंड्रीच्या फाटकापाशी कामगार थांबलेले होते. थोरल्या मालकिणीला आणि धाकट्या मालकाला शेजारी शेजारी चालताना बघून ते बाजूला सरकले. कुणी नमस्कार केला नाही. बातमी त्यांना आधीच लागली होती, किंवा त्यांना पहिल्यापासूनच ठाऊक होतं.

ठाण्यात भाऊ बोलला. अडखळत, दोनदा पाणी मागत, पण सगळं बोलला. पत्रा उडाल्याचं, मिस्त्रीनं विचारल्याचं, आपण काय उत्तर दिलं त्याचं. ताई त्याच्या शेजारी बसली होती, वकील म्हणून, आणि एकदाही तिनं त्याला अडवलं नाही.

मग अधिकारी वहिनीकडे वळले. ते वयस्क होते, आवाज मऊ ठेवून बोलत होते. "बाई, तुमचा मुलगा गेलाय. मी तुम्हाला एकच विचारतो. तुमचा मुलगा भट्टीजवळ आहे हे यांना त्या वेळी माहीत होतं का?"

दादा दाराशी उभा होता. त्यानं बायकोच्या चेहऱ्यावर डोळे रोखले. भाऊनं स्वतःचे डोळे मिटून घेतले. खोलीतला पंखा फिरत होता, आणि ताईला वाटलं की एवढी वर्षं कोर्टात काढून आपण कधी कुणाला खरोखर साक्ष देताना पाहिलंच नव्हतं.

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाली. "तसं काही मी ऐकलं नाही. फोनवर आपण काय म्हणालो ते त्यांनी आत्ता सांगितलं, तेच मी त्या दिवशी ऐकलं. तेवढंच."

दादा दारातून निघून गेला.

पुढचं सगळं सावकाश झालं. भाऊला शिक्षा झाली ती निष्काळजीपणाची, ताई म्हणाली होती तशीच. धाकटी मुलांना घेऊन माहेरी गेली. जाताना तिनं वहिनीनं दिलेल्या साड्या पलंगावर घड्या करून ठेवल्या. फाउंड्री पुन्हा सुरू झाली नाही. भट्टी दुसऱ्याच कुणीतरी सोडवून नेली, आणि भंगाराचा ढीगही उचलला गेला, त्यात जे काही होतं त्यासकट. मिस्त्री जगला. बोटं पुरती मिटत नव्हती. वहिनी आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जाऊन बसायची. त्याची बायको सुरुवातीला दार अर्धंच उघडायची. पुढे पुढे ते पूर्ण उघडायला लागली, पण मायेचा शब्द काही बोलली नाही, आणि वहिनीनंही त्याची वाट पाहिली नाही.

तुरुंगात भेटीच्या दिवशी ती जायची. भाऊ भेटायला बाहेर येत नसे. ती नाव लिहायची, बाकावर बसून राहायची, वेळ संपल्याचं सांगितलं की उठून परत यायची. पुढच्या वेळी पुन्हा. तिथल्या शिपाईबाईनं एकदा विचारलं, "भाऊ का तुमचा?" वहिनी म्हणाली, "दीर." मग बाईनं खटल्याचं कुठूनतरी ऐकलं असावं, त्यानंतर तिनं काही विचारलं नाही, नुसता पंखा लावून द्यायला लागली.

घरी दादा तिच्याशी बोलत नव्हता. जेवायला हाक मारली की यायचा, जेवायचा, उठायचा. खिडकीपाशी बसून रिकाम्या शेडकडे बघत राहायचा. ताई रविवारी यायची, दोघांशी वेगवेगळं बोलायची आणि थकून जायची. एकदा तिनं वहिनीला विचारलं, "तुम्हाला त्यातून काय मिळालं हो? खरं सांगा." वहिनी भाजी निवडत होती. "मिळायचं काय," ती म्हणाली. "ज्या दिवशी मी ते जास्तीचं वाक्य बोलले असते, त्या दिवशी टिल्लूबरोबर मीही गेले असते. एवढं कळतं."

एका भेटीच्या दिवशी ती बाहेर पडायला चपला घालत होती. मागून दादा म्हणाला, "तुला त्याचा राग येत नाही?"

इतक्या महिन्यांनी आवाज ऐकून तिनं दाराला धरलं. आणि मग ती रडली, टिल्लू गेल्यापासून पहिल्यांदा दादाच्या देखत. पदर तोंडाला न लावता, हात बाजूला सोडून.

"येतो," ती म्हणाली. "रोज येतो. सकाळी उठले की आधी तोच उठलेला असतो."

"मग जातेस कशाला?"

"राग घेऊनच जाते. घरी बसले तर तोच घर करील. मग नावाला जागा उरायची नाही."

दादानं सदरा चढवला. दोघं रस्त्यानं चालत बसथांब्यापर्यंत आली, मध्ये हातभर अंतर ठेवून. त्याचा वेग कमी झाला होता. तिच्या ते आज लक्षात आलं. बस आली. ती चढली तेव्हा तो खालीच उभा होता. दांडीला हात लावून म्हणाला, "त्याला म्हणावं..."

कंडक्टरनं घंटा वाजवली. दादाचे ओठ हलत होते, पण पुढचं काही आलं नाही. बस सुटली.

तुरुंगात वहिनीनं नाव लिहिलं आणि या वेळी शिपाईबाईला म्हणाली, "आत सांगा, दादांचा निरोप आहे."

भाऊ आला. तो वाळला होता, केस पांढरे झाले होते. जाळीपलीकडे बसला आणि वहिनीकडे न बघता म्हणाला, "काय म्हणाला दादा?"

"'त्याला म्हणावं' एवढंच म्हणाले," ती म्हणाली. "पुढचं त्यांना म्हणता आलं नाही."

खोटा शब्द एकही घालायचा नव्हता, म्हणून ती तिथंच थांबली. भाऊनं बराच वेळ जाळीला कपाळ टेकवून ठेवलं. वेळ संपल्याचं सांगेपर्यंत दोघं तशीच बसून होती.